हनुवटीचा होकार

कुत्र्याची नखं वाढली आहेत हे घरात डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. दुपारी सगळीकडे सामसूम असताना हॉलमधून स्वयंपाकघराकडे टक् टक् टक् असा आवाज जातो, फ्रिजपाशी थांबतो, आणि काहीच मिळत नाही असं दिसल्यावर टक् टक् करत परत येतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी एकदा मला जिन्यात गाठून विचारलं, "रात्री तुमच्याकडे टायपिंग कोण करतं?" काका कोर्टात स्टेनो होते, त्यामुळे असल्या आवाजाला त्यांचा कान लगेच टवकारतो. म्हटलं, "आमचा टिंग्या." काका क्षणभर विचार करून म्हणाले, "स्पीड चांगला आहे."

टिंग्या गावठी आहे, म्हणजे हल्लीच्या भाषेत इंडी. रस्त्यावरच राहिला असता तर डांबर आणि खडी यांनी त्याची नखं फुकटात घासून दिली असती. पण तो डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आला, आणि इथे बिल्डरने आरशासारख्या टाइल्स बसवलेल्या. त्यांच्यावर नख झिजत नाही, घसरतं. नख फारच वाढलं की पाऊल टेकताना आधी तेच टेकतं, बोटं फाकतात, कुत्रा चाल बदलतो आणि त्याचा ताण वर सांध्यांपर्यंत जातो. पुढच्या पायाला आतल्या बाजूला, जरा उंचावर, जो अंगठा असतो तो तर जमिनीला लागतच नाही. त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही तर त्याचं नख गोल वळून पायाच्या गादीत रुततं. तेव्हा नखं कापायला हवीत यावर घरात सगळ्यांचं एकमत असतं. कुत्रा सोडून.

आपल्याकडे कामं करत नाहीत, उरकतात. अंघोळ उरकायची, जेवणं उरकायची, रविवारी माळा उरकायचा, धाकटीचं लग्न उरकायचं. त्याच झपाट्यात "आज याची नखंही उरकून टाकू" असं ठरतं आणि तिथेच सगळं बिनसतं. हा सोहळा मी बऱ्याच घरांत पाहिला आहे, मांडणी सगळीकडे तीच. कटर घरातल्या पुरुषाकडे, कारण हत्यार म्हटलं की तोच पुढे होतो. तोंडाकडची बाजू बाईकडे, कारण "तुला तो काही करणार नाही". मागचे पाय मुलाकडे. आणि सोफ्यावर एक शेजारी, ज्याच्या मामाकडे कधीकाळी अल्सेशियन होता. त्याचं काम फक्त सूचना देणं. "घट्ट धरा! मालक कोण आहे ते कळू दे त्याला!" मालक कोण हे कुत्र्याला पक्कं माहीत असतं. प्रश्न एवढाच असतो, की ज्या माणसाने सकाळी पोळी दिली तोच आता मानेवर गुडघा ठेवून का बसला आहे.

बरं, गनिमी काव्याने करावं तर तेही जमत नाही. आमच्याकडे कटर ज्या ड्रॉवरमध्ये असतो त्याच ड्रॉवरमध्ये सेलोटेप, मेणबत्त्या, जुने सेल आणि लाइटची बिलं असतात. बिल काढायला ड्रॉवर उघडला तर टिंग्या कूसही बदलत नाही. कटरसाठी उघडला तर आवाज पुरता व्हायच्या आत तो दिवाणाखाली. हे त्याला कसं कळतं? माझं मत असं, की ड्रॉवरवरून कळत नाही, आपल्यावरून कळतं. बिल काढणारा माणूस वैतागलेला असतो. कटर काढणारा माणूस गोड बोलत असतो. "ये रे माझ्या राजा" असं आमच्या घरात एरवी कोणीही कोणाला म्हणत नाही.

कुत्र्याच्या भीतीला कारण आहे, हेही सांगायला हवं. नखाच्या आत रक्ताची शीर आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. माझ्या सासूबाई त्याला जिव्हाळी म्हणतात. तिथे पातं लागलं की कळ थेट मस्तकात जाते आणि रक्तही येतं. नख पांढरं असेल तर आतला गुलाबी भाग उजेडात दिसतो, त्याच्या अलीकडे थांबायचं, झालं. टिंग्याची अठराच्या अठरा नखं काळी कुळकुळीत आहेत. अशा नखाचा एकदम तुकडा उडवायचा नसतो, टोकाकडून पातळ पातळ काप काढायचे असतात. प्रत्येक कापानंतर चष्मा लावून कापलेल्या तोंडाकडे पाहायचं. आधी ते कोरडं, खडूसारखं भुरकट दिसतं. मग मध्यभागी एक गडद, ओलसर ठिपका उमटायला लागतो. तो दिसला की त्या नखाचा आजचा विषय संपला. गंमत म्हणजे थोडं थोडं आणि वरचेवर कापत राहिलं तर आतली जिव्हाळीही हळूहळू मागे सरकते. वर्षानुवर्षं लांब राहिलेलं नख एका बैठकीत आखूड करता येत नाही ते याचसाठी.

आणि लागलंच, तर प्रत्येक घरात तीन पक्ष पडतात. हळद पक्ष, तुरटी पक्ष आणि "मी सांगत होतो" पक्ष. तुरटी रक्त थांबवते हे खरंच आहे, दाढी करणाऱ्या पिढ्यांनी ते अंगावर काढलं आहे, पण ती झोंबते, आणि आधीच कळवळलेल्या कुत्र्याला ती लावायला जाणारा माणूस शूर म्हणायला हवा. आमच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, चिमूटभर कॉर्नफ्लॉवर नखाच्या टोकाला लावून थोडा वेळ दाबून धरा, रक्त थांबलंच नाही तर मला फोन करा. हळदीने फरशी पिवळी होते आणि मग सासूबाईच ओरडतात.

सासूबाईंचा मुख्य आक्षेप मात्र मुहूर्ताचा. शनिवारी नखं कापायची नाहीत. अमावास्येला नाहीत. रात्री नाहीत, तिन्हीसांजेला तर अजिबात नाहीत. सकाळी उपाशीपोटी नाहीत, कारण "त्याच्या पोटात काही नाही ते बघा आधी". नोकरदार घरात यानंतर रविवार सकाळचे साडेदहा ते अकरा एवढाच वेळ उरतो, आणि त्या वेळी गॅसवाला येतो. मी म्हटलं, "अहो आई, हे नियम माणसांचे. कुत्र्याला कसली अमावास्या?" तर म्हणाल्या, "कुत्र्याला नसेल. पण कापलेली नखं माझ्याच घरात पडणार ना!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या कऱ्हाडकडच्या. त्यांच्या माहेरी बैलांना पत्र्या मारायला माणूस यायचा. बैलाच्या पायांत कासरा अडकवून त्याला आडवा पाडायचे, चारी पाय एकत्र बांधायचे, आणि खुरांना पत्री ठोकायचे. "त्या एवढ्या मोठ्या बैलाला कोणी विचारलं नाही, आणि हे तुमचं पाच आण्यांचं कुत्रं..." हे वाक्य त्या दर वेळी अर्धवट सोडतात. मला वाटतं पुढचा अर्धा भाग माझ्या नवऱ्याबद्दल असावा.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "काही दिवस एकही नख कापू नका." हा सल्ला टिंग्याला एवढा पटला की त्याने तिथल्या तिथे शेपूट हलवली. मग म्हणाल्या, "कटर त्याच्या ताटलीशेजारी ठेवा. त्याने हुंगला की खाऊ. तुम्ही तो हातात घेतला की खाऊ. पंजाला नुसता हात लावला, की खाऊ. क्रम मात्र चुकवू नका. आधी कटर, मग खाऊ."

यातला क्रम हाच खरा मंत्र आहे. शाळेच्या पुस्तकात पावलोव्ह आणि त्याच्या कुत्र्यांची लाळ आपण सगळ्यांनी पाठ केली होती. (त्याला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी. लाळेतून मानसशास्त्र निघालं ही वरकमाई.) खाण्याच्या आधी जी गोष्ट येते तिचं कुत्र्याला प्रेम वाटू लागतं. उलट केलं, म्हणजे आधी चीज दाखवून जवळ बोलावलं आणि मग पाठीमागून कटर काढला, तर कटरची भीती जात नाहीच, वर चीजचीही धास्ती बसते. आमच्या सोसायटीत एक लॅब्रेडोर आहे. लॅब्रेडोर! तो चीजचा कागद वाजला की गॅलरीत जाऊन उभा राहतो. माणसाने लॅब्रेडोरला खाण्यापासून पळवून लावावं, म्हणजे किती कसून उलटं काम केलं असेल.

खाऊ काय द्यायचा यावर आमच्याकडे कौटुंबिक बैठक झाली. पनीर, उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे, चमच्याच्या टोकावर दही. डॉक्टरीणबाईंनी वर्ज्य पदार्थांची यादीही दिली होती. चॉकलेट नाही, कांदा-लसूण नाही, मनुका-बेदाणे नाहीत, आणि झायलिटॉल घातलेलं पीनट बटर तर मुळीच नाही. हे सगळं कुत्र्यांना विषारी ठरतं. बेदाण्यांचं ऐकून सासूबाई गंभीर झाल्या. बैलाचा दाखला देणाऱ्या त्याच बाई त्या दिवसापासून टिंग्यासाठी घासभर शिरा बाजूला काढतात आणि दोन चष्मे पालटत त्यातला एक एक बेदाणा वेचतात. कुत्र्याला शिऱ्याची गरज नाही हे त्यांना सांगायची हिंमत अजून कोणी केलेली नाही.

मग आवाज. नखापेक्षा नख तुटतानाच्या 'कट्' आवाजाने काही कुत्री जास्त दचकतात. परदेशातले प्रशिक्षक म्हणे सुकी स्पॅगेटी कटरने तोडून दाखवतात. आमच्याकडे शेवया होत्या. आठवडाभर रोज संध्याकाळी माझा नवरा, एका बऱ्या कंपनीतला सीनियर इंजिनिअर, जमिनीवर मांडी घालून शेवया एकेक करून कटरने तोडत बसायचा. एक शेवई, एक पनीरचा तुकडा. टिंग्या समोर मन लावून बसलेला. त्याच वेळी खालचे काका सोसायटीच्या वर्गणीसाठी आले. त्यांनी तो प्रकार पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि "सावकाश द्या, काही घाई नाही" म्हणून पावती न फाडताच निघून गेले.

यानंतर आला हनुवटीचा भाग, आणि त्याने आमच्या घराची घडी विस्कटली.

त्याचं असं आहे. खुर्चीवर एक घडी केलेला टॉवेल ठेवायचा. कुत्र्याने आपल्या मनाने त्यावर हनुवटी टेकवली, की त्याचा अर्थ "चालू द्या". मग पंजा उचलायचा, तोही बाजूला पिळून नाही, चालताना वाकतो तसाच मागे वाकवून. एक काप. खाऊ. त्याने हनुवटी उचलली तर हात तिथल्या तिथे मागे. ओरडायचं नाही, चुचकारायचं नाही, "बस एकच राहिलंय रे" तर बिलकूल म्हणायचं नाही. तो परत हनुवटी ठेवेपर्यंत थांबायचं. इंग्लंडमधले चिराग पटेल म्हणून एक प्रशिक्षक आहेत, त्यांचा असाच बादलीचा खेळ आहे. समोर खाऊची बादली, कुत्रा तिच्याकडे पाहत राहील तोवर काम करायचं, नजर वळवली की थांबायचं. प्राणिसंग्रहालयांत हत्तीसुद्धा याच पद्धतीने शिकतात आणि नखं घासून घ्यायला आपण होऊन गजांतून पाय पुढे करतात. हत्तीला आडवा पाडणारा कासरा अजून निघालेला नाही, म्हणून माणसाला ही सभ्यता सुचली असावी.

मला यातलं मोठं नवल वेगळंच वाटतं. नकार दिला तरी चालतो हे कळल्यावर कुत्रा नकार कमी देतो. टिंग्याने सुरुवातीला हनुवटी उचलून उचलून आमची परीक्षा पाहिली. ठेवली, उचलली. हात मागे गेला की नाही ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. पुन्हा ठेवली. ही माणसं बोलल्याप्रमाणे वागतात अशी खात्री पटल्यावर एकदा त्याने हनुवटी ठेवली, सुस्कारा सोडला, आणि डाव्या पायाचं पहिलं नख कापलं गेलं तेव्हा तो भिंतीवरच्या पालीकडे पाहत होता.

रोज एक नख, असा नियम ठरला. अठरा नखं, अठरा दिवस, मग पहिल्याची पाळी परत. नवऱ्याने लगेच एक्सेलमध्ये तक्ता केला. तारीख, पाय, बोट, शेरा. सासूबाई म्हणाल्या, "अठरा दिवसांत कौरव-पांडवांनी अख्खं युद्ध उरकलं." पण हेच तर सांगायचं आहे. तिथे उरकलं म्हणून शेवटी उरलं कोण? एका नखाला अर्धं मिनिट लागतं. एवढ्यात कुत्र्याला घाबरायला सवड मिळत नाही, नि आपल्याला वैतागायलाही.

मांजरीचं शास्त्र निराळं. आमची ठकी हनुवटी वगैरे ठेवत नाही. तिच्या मते या घरात कशालाही संमती तिने द्यायची नसून आपण मागायची असते, आणि तिने ती दिलेली नसते. सुदैवाने तिची नखं म्यानात असतात. बोटाला वरून आणि खालून हलकेच दाबलं की नख बाहेर सरकतं, पारदर्शक, आत गुलाबी रेघ स्वच्छ दिसणारं. नुसतं आकड्यासारखं टोक उडवायचं. खरं तर मांजर आपल्या नखांची देखभाल स्वतःच करत असते. सोफा ओरबाडते तेव्हा नखावरचं जुनं कवच गळून पडतं आणि खालून नवं धारदार टोक निघतं, म्हणजे आपल्या दृष्टीने सोफ्याचं वाटोळं, तिच्या दृष्टीने नखाला धार. म्हातारपणी हे ओरबाडणं कमी होतं आणि नखं जाड होऊन वळायला लागतात, तेव्हा मात्र माणसाची गरज पडते.

ठकीची वेळ एकच, जेवून मांडीवर पसरली की. मानेला धरून उचलणं नाही, चादरीत बांधणं नाही. गाढ झोपेच्या अलीकडच्या त्या दोन मिनिटांत एक-दोन नखं, आणि तिने शेपटीचं टोक एकदा जरी आपटलं तरी कटर खाली. ही वेळ नेमकी तिन्हीसांजेची येते. सासूबाईंना काय सांगावं या विचारात मी होते, तर त्यांनीच तोड काढली. म्हणाल्या, "नरसिंहाने हिरण्यकशिपूला कुठे घेतलं? मांडीवर. वेळ कुठली? ना दिवस ना रात्र. नखांचं काम त्याच वेळेचं. तू काप." पुराणात कोणाची नखं होती आणि कोण मांडीवर होतं, या तपशिलात मी शिरले नाही.

ज्या कुत्र्यांना कटर सोसतच नाही त्यांच्यासाठी फळीचा उपाय आहे. फळीवर पॉलिश पेपर चिकटवायचा आणि कुत्र्याला पुढच्या पायांनी ती खरवडायला शिकवायची, तो स्वतःच नखं घासतो. मागच्या पायांना आणि त्या वरच्या अंगठ्याला याचा उपयोग नाही, पण पुढची आठ सुटतात. मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "कितीचा देऊ?"

"ऐंशी नंबर."

"लाकडाला का लोखंडाला?"

"कुत्र्याला."

त्याने काउंटरवर दोन्ही हात टेकले. "मॅडम, पेंट काढायचाय का?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आतून एक जाड कागद काढला, बोटाने घासून पाहिला आणि म्हणाला, "हा ऐंशीच आहे, पण वॉटरप्रूफ घ्या. जीभ लावेल तो." मला वाटतं, या विषयावर मला मिळालेला हा सगळ्यात अक्कलहुशारीचा सल्ला.

हनुवटीचा कायदा मात्र कुत्र्यापुरता राहिला नाही. प्रथम मुलाने तो उचलला. केस कापायला चल म्हटलं तर जेवणाच्या टेबलावरून हनुवटी वर. मग नवऱ्याने. माळ्यावरची पिंपं खाली काढायची म्हटलं की हा इंजिनिअर बोलत नाही, नुसती हनुवटी उचलतो आणि माझ्याकडे असा बघतो की मीच हात मागे घ्यावा. आम्हा सगळ्यांचं बालपण नाक दाबून एरंडेल पाजण्यात आणि दोन काकांनी धरून न्हाव्यासमोर बसवण्यात गेलं, त्याची भरपाई आता चालली आहे.

परवा दुपारी मी टिंग्याच्या उजव्या पायाचं तिसरं नख करून कटर पुसत होते. सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या. त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत, आणि पायाची नखं वयाने जाड, पिवळट झाली आहेत. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं की तो रविवारी पाय मांडीवर ओढून पाच मिनिटांत दहाच्या दहा उरकतो, आणि त्या दोन दिवस लंगडतात. हे मला ठाऊक होतं, पण त्यांनी तोंडाने कधी सांगितलं नव्हतं.

"अगं," त्या म्हणाल्या, "माणसांचा कटर कुठे ठेवलायस?"

मी आणला. त्यांनी पाय स्टुलावर ठेवला, मग लगेच खाली घेतला.

"आज वार कुठला?"

"बुधवार."

"अमावास्या?"

"झाली शनिवारी."

पाय परत स्टुलावर आला. "करंगळीपासून कर. एकच हं. आणि मी पाय ओढला तर थांबायचं."

"हो आई."

"पनीर नको मला. तो आलेपाकाचा डबा आण आधी."

"आधी नाही," मी म्हटलं. "आधी कटर, मग आलेपाक."

त्यांनी हनुवटी उचलली.